प्राथमिक वर्गांतील साध्या यंत्रांचा परिचय : प्रचलित मांडणीची चिकित्सा (विशेष संदर्भ : कोयनानगर परिसर)

बीजसंज्ञा : साधी यंत्रे, प्राथमिक विज्ञानशिक्षण, परिसर अभ्यास, बल व अंतर, कोयनानगर

१. प्रास्ताविक

तरफ, कप्पी, चाक व आस, उतरण, पाचर आणि स्क्रू ही सहा नावे महाराष्ट्रातील शालेय शिक्षण घेतलेल्या बहुतेक व्यक्तींच्या स्मरणात असतात. कात्री ही तरफ आहे, विहिरीवर कप्पी असते, कुऱ्हाड ही पाचर आहे, ही उत्तरेही सहसा चुकत नाहीत. परंतु तरफेमुळे नेमके काय कमी होते आणि त्या बदल्यात काय वाढते, असा प्रश्न केल्यास पदवीधरांकडूनही बहुधा ‘श्रम कमी होतात’ एवढेच उत्तर मिळते. प्रश्नाचा उत्तरार्ध अनुत्तरित राहतो. हा दोष विद्यार्थ्यांच्या स्मरणशक्तीचा नसून विषयाचा पहिला परिचय ज्या पद्धतीने करून दिला जातो त्या पद्धतीचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच बालभारतीची, स्थापना १९६७ मध्ये झाली. मंडळाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इयत्ता सहावीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ या प्रकरणानंतर ‘साधी यंत्रे’ हे स्वतंत्र प्रकरण येते. त्यापूर्वीच्या तिसरी ते पाचवी या इयत्तांत विज्ञान हे ‘परिसर अभ्यास’ या विषयात समाविष्ट असते. बालक यंत्रे हाताळू लागते ते मात्र सहावीच्या कितीतरी आधी. आठ-नऊ वर्षांचे मूल दार लोटते, झाडू मारते, विळी हाताळणाऱ्या आईला पाहते, राष्ट्रीय सणाच्या दिवशी ध्वजाची दोरी खेचली जाताना पाहते. या वयात यंत्रांचा परिचय कसा व्हावा आणि त्यासाठी परिसराचा उपयोग कोणत्या प्रकारे करावा, या दोन प्रश्नांचा येथे विचार केला आहे. परिसर म्हणून सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील कोयनानगर निवडले आहे. महाराष्ट्रातील एका अतिभव्य यंत्रव्यवस्थेच्या सान्निध्यात तेथील बालके वाढतात, हे या निवडीचे कारण होय.

२. व्याख्येतील दोष : ‘श्रम’ या शब्दाची संदिग्धता

वर्गात, तक्त्यांवर आणि मार्गदर्शक पुस्तिकांत यंत्राचा परिचय ‘कमी श्रमात व कमी वेळात काम करणारे साधन’ अशा आशयाच्या वाक्याने करून दिला जातो. हे वाक्य सोपे आहे; तथापि त्यातील ‘श्रम’ हा शब्द तीन भिन्न अर्थ एकाच वेळी वाहतो. मराठी बोलीव्यवहारात श्रम म्हणजे लावलेला जोर, श्रम म्हणजे झालेले काम आणि श्रम म्हणजे आलेला थकवाही. भौतिकशास्त्रात यांपैकी पहिल्या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या आहेत. साधे यंत्र जोर कमी करू शकते. कार्य मात्र ते कमी करीत नाही. उलट घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडे अधिकच कार्य करावे लागते. कमी जोर लावायचा तर तो अधिक अंतरापर्यंत लावावा लागतो, हा साध्या यंत्रांचा गाभा आहे. ‘श्रम वाचतात’ असे म्हटल्याबरोबर हा गाभा झाकला जातो आणि यंत्र काहीतरी फुकट देते, अशी धारणा रुजते.

ही धारणा जुनी आहे. यंत्राच्या साहाय्याने निसर्गाला फसविता येते, अशी समजूत युरोपातील कारागिरांमध्येही प्रचलित होती. इ. स. १६००च्या सुमारास गॅलिलिओने यंत्रशास्त्रावरील आपल्या पुस्तिकेत या समजुतीचे खंडन केले. बलामध्ये जेवढी सवलत मिळते तेवढी किंमत अंतरात अथवा वेळात मोजावी लागते, हे त्याने दाखविले. म्हणजे साध्या यंत्रांचे आधुनिक विज्ञान ज्या गैरसमजाच्या निरासातून उभे राहिले, तोच गैरसमज प्राथमिक वर्गातील पहिल्या वाक्यातून पुन्हा पेरला जातो. पुढील आयुष्यात इंधनाविना अखंड चालणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती आणि वार्ता सुशिक्षितांनाही विश्वसनीय वाटतात, याचे एक मूळ येथे शोधता येईल.

व्याख्येत दुसरीही अडचण आहे. सर्वच साधी यंत्रे जोर कमी करीत नाहीत. चिमट्यात जोर बोटांच्या जागी अधिक आणि टोकाशी कमी असतो. त्या मोबदल्यात टोकाची हालचाल वाढते. झाडूचेही तसेच आहे. वरचा हात थोडासा हलतो आणि खालचे टोक मोठा पट्टा झाडून काढते. चरख्याचे मोठे चाक सावकाश फिरते व चाती वेगाने फिरते; तेथे जोर गमावून वेग कमावलेला असतो. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नयी तालीमच्या शाळांत चरखा हे शिक्षणाचे माध्यम म्हणून आले. परंतु चातीच्या वेगाची ही देवघेव विज्ञानाच्या तक्त्यावरील साध्या यंत्रांच्या व्याख्येत आजही बसत नाही. ज्या व्याख्येतून चिमटा, झाडू आणि चरखा निसटतात, ती व्याख्या बालकांच्या अनुभवाशी प्रामाणिक आहे, असे म्हणता येत नाही.

सर्वांत परिचित उदाहरण ध्वजस्तंभाचे आहे. स्तंभाच्या शेंड्यावरील स्थिर कप्पीमुळे जोर मुळीच कमी होत नाही. दोरी जेवढी खाली ओढावी तेवढाच ध्वज वर चढतो. बदलते ती केवळ जोराची दिशा. विहिरीवरील रहाटाचेही तेच. खाली ओढताना शरीराचे वजन कामी येते म्हणून ओढणे सोयीचे वाटते. कृष्णाकाठच्या सपाटीवर पूर्वी चालणाऱ्या मोटेत ही सोय मोठ्या कौशल्याने साधलेली होती. विहिरीवरील चाकाने नाड्याची दिशा बदलली जाई आणि बैल धावेच्या उतारावरून खाली चालत जात. त्यामुळे त्यांचे वजन ओढीस साहाय्य करी. मोटेत श्रम ‘वाचत’ नव्हते. ते योग्य दिशेस वळविले जात होते. हा सूक्ष्म भेद ‘कप्पीमुळे काम सोपे होते’ या एका वाक्यात पूर्णतः पुसला जातो.

३. वर्गीकरणातील दोष

दुसरा दोष वर्गीकरणाच्या अतिरेकाचा आहे. सहा यंत्रांची यादी आणि तरफेचे तीन प्रकार हा प्रचलित अध्यापनाचा कणा असतो. टेकू मध्ये असेल तर पहिला प्रकार, भार मध्ये असेल तर दुसरा, बल मध्ये असेल तर तिसरा, हे सूत्र परीक्षेच्या दृष्टीने सोयीचे आहे. कात्री, अडकित्ता व चिमटा यांची जोडी लावा, असा प्रश्न त्यावर सहज तयार होतो.

परंतु ही यादी निसर्गाने दिलेली नाही. अलेक्झांड्रियाच्या हिरोने आपल्या ग्रंथात पाच यंत्रे मोजली होती. उतरणीची भर युरोपातील प्रबोधनकाळात पडली. तत्त्वाच्या दृष्टीने पाहिल्यास सहा यंत्रे दोन कल्पनांत सामावतात. कप्पी आणि चाक व आस ही फिरत राहणारी तरफच होय, तर पाचर म्हणजे सरकती उतरण आणि स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. अधिक खोलात गेल्यास या दोन कल्पनाही एकाच देवघेवीत विलीन होतात. प्रौढ अभ्यासकाला वर्गीकरणातून एकता दिसू शकते. आठ वर्षांच्या बालकाला त्यातून केवळ सहा सुटी नावे मिळतात. शास्त्राच्या इतिहासात यादी आधी आली आणि एकता नंतर सापडली, हे खरे. पण म्हणून वर्गातही यादीपासूनच आरंभ करावा, असे सिद्ध होत नाही.

नावांच्या निवडीकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. ‘टेकू’ हा शब्द बालकाच्या घरातला आहे. मांडवाला, फांदीला, कलत्या भिंतीला टेकू दिलेला त्याने पाहिलेला असतो. ‘पाचर’ही सुताराच्या व लाकूडतोड्याच्या व्यवहारातून आलेली आहे. याउलट ‘उतरण’ हा शब्द त्या यंत्राकडे वरच्या टोकाकडून पाहतो. ओझे वर नेण्यासाठी जिचा उपयोग होतो ती सह्याद्रीतील मुलाच्या लेखी ‘चढण’ असते. एकाच पृष्ठभागाची ही दोन नावे त्याला आधी जुळवून द्यावी लागतात; अन्यथा यंत्र म्हणजे खाली उतरण्याची जागा, असा विपर्यास संभवतो. पहिल्या परिचयात ‘बल’ या संज्ञेऐवजी ‘जोर’ हा शब्द योजण्यासही हरकत नसावी. संज्ञा नंतर येईल. कल्पना मात्र परिचित शब्दातच रुजते.

४. बालकाच्या आकलनाविषयी संशोधन काय सांगते

प्राथमिक वयात बल आणि अंतर यांचा एकत्र विचार शक्य आहे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी तराजूच्या दांडीचा प्रयोग बालकांच्या तार्किक विकासाच्या अभ्यासात उपयोगात आणला. दोन्ही बाजूंची वजने आणि टेकूपासूनची अंतरे यांचा गुणाकाररूप संबंध मुलांना पौगंडावस्थेच्या सुमारासच पूर्णपणे उमगतो, असे त्यांना आढळले. या निष्कर्षाचा आधार घेऊन साधी यंत्रे पुढील इयत्तांकडे ढकलण्याचे समर्थन करता येईल.

तथापि रॉबर्ट सिग्लर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने हे चित्र अधिक स्पष्ट केले. लहान मुले प्रथम केवळ वजनांची तुलना करतात आणि अंतराकडे दुर्लक्ष करतात. पुढे वजने समान असतील तेव्हा ती अंतर पाहू लागतात. त्यानंतर दोन्हींचा विचार करतात, पण दोहोंत विरोध दिसला की गोंधळतात. अचूक नियम सर्वांत शेवटी येतो. सिग्लर यांच्या अभ्यासातील अध्यापनदृष्ट्या महत्त्वाची बाब निराळी आहे. पाच व आठ वर्षांच्या मुलांना सारखाच अनुभव दिला असता आठ वर्षांच्या मुलांनी त्यातून प्रगती केली, पाच वर्षांच्या मुलांनी केली नाही. कारण लहान मुले अंतराची नोंदच घेत नव्हती. अंतर लक्षात घेण्यास त्यांना आधी शिकविल्यावर त्याच अनुभवाचा त्यांनाही लाभ झाला.

यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. तिसरी-चौथीच्या बालकाला सूत्र देणे अकाली ठरेल. परंतु त्याचे लक्ष अंतराकडे वळविणे अकाली नाही. किंबहुना प्राथमिक वयातील अध्यापनाचे तेच मुख्य कार्य आहे. जोर हातांना आपोआप जाणवतो, त्यासाठी शिक्षकाची आवश्यकता नसते. अंतर मात्र दाखवून द्यावे लागते. प्रचलित मांडणी जेथे बालकाला साहाय्याची गरज नाही तेथे, म्हणजे ‘जोर कमी लागतो’ येथे, थांबते आणि जेथे गरज आहे तेथे मौन पाळते.

५. कोयनानगर : भव्य यंत्र आणि बंद पेटी

‘परिसरातून शिक्षण’ हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ने शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्यावर भर दिला आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवाधिष्ठित अध्ययनाचा पुरस्कार केला. या तत्त्वाचा सरळ अर्थ लावल्यास कोयनानगरच्या शिक्षकाने यंत्र म्हणून धरणाकडे बोट दाखवावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण १९६४च्या सुमारास पूर्ण झाले. शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून सह्याद्रीच्या पायथ्याशी पोफळी परिसरात सोडले जाते. चार टप्पे आणि धरण पायथा वीजगृह मिळून प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट आहे. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी छेद देण्याचा प्रयोग यशस्वी झाला. त्याची पुनरावृत्ती २०१२ मध्ये झाली.

ही माहिती अभिमानास्पद असली तरी आठ वर्षांच्या मुलाला ती यंत्राविषयी फारसे काही शिकवीत नाही. जनित्र भूगर्भात आहे, पाणी बोगद्यात आहे, चाक दृष्टीआड आहे. मुलाच्या दृष्टीने हे यंत्र म्हणजे एक बंद पेटी आहे. एका बाजूने पाणी जाते आणि दुसऱ्या बाजूने वीज येते. जोर कोठे लागला, अंतर कोठे वाढले, हे त्याला हाताने अथवा डोळ्याने पडताळता येत नाही. निकट असणे आणि आकलनाच्या आवाक्यात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परिसराधिष्ठित शिक्षणाच्या नावाखाली अनेकदा पहिल्या गोष्टीलाच दुसरी समजले जाते आणि वर्गात आकडेवारीचे पाठांतर सुरू होते.

मात्र याच परिसरात आवाक्यातील उदाहरणांची वाण नाही. कराड–चिपळूण मार्गावरील कुंभार्ली घाट हे त्यांपैकी सर्वांत समर्थ उदाहरण होय. डोंगरातील पाऊलवाट उभी आणि आखूड असते. घाटरस्ता त्याच उंचीसाठी वळणे घेत लांब जातो. पाऊलवाटेने चढताना दम लागतो, पण अंतर थोडे असते. रस्त्याने चढ सौम्य होतो, पण चालणे वाढते. येथे सवलत आणि तिची किंमत ही दोन्ही बालकाच्या पायांना ठाऊक असतात. चढावर एस.टी.चा चालक खालचा गियर टाकतो तेव्हा इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडीचा वेग मंदावतो. जोर वाढविण्यासाठी वेग द्यावा लागतो, हा अनुभव प्रत्येक प्रवासी मुलाच्या पदरी असतो. शिक्षकाने केवळ दोन प्रश्न विचारावयाचे असतात : काय मिळाले? काय द्यावे लागले?

विशेष म्हणजे जवळपास हीच उंची पाणी विरुद्ध दिशेने उतरते. रस्ता लांब करून चढण्याचा जोर कमी केला आहे, तर पाण्याची वाट उभी ठेवून उताराचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. शिवसागरातील पाणी पोफळीपर्यंत चारशे मीटरांहून अधिक खाली येते आणि त्या पडण्यातून टर्बाइनचे चाक फिरते. घाट आधी समजला तर धरणही काही अंशी समजू लागते. मात्र हा क्रम उलटता येत नाही.

६. वर्गाचे दार आणि धरणाचा दरवाजा

साध्या यंत्रांच्या परिचयासाठी वेगळे साहित्य उपलब्ध नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. डोंगरी भागातील अल्पपटाच्या, दोनशिक्षकी शाळांच्या संदर्भात ती समजण्याजोगी आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत पट असलेल्या शाळेस दोन शिक्षक मिळतात. एका शिक्षकाला एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. अशा वेळी प्रत्येक वर्गात असलेले एक यंत्र दुर्लक्षित राहते. ते म्हणजे वर्गाचे दार.

दार कडेला, कडीपाशी, एका बोटाने लोटता येते. तेच बिजागरीजवळ लोटू गेल्यास सर्व ताकद पणास लावावी लागते. बिजागरीपासून ९० सेंटिमीटरवर लागणाऱ्या जोराच्या सहापट जोर १५ सेंटिमीटरवर लावावा लागतो. परंतु तेथे हात सहाव्या हिश्शाएवढाच सरकतो. जमिनीवर खडूने दोन्ही ठिकाणांच्या हालचालीच्या रेषा काढल्या की अंतर डोळ्यांसमोर येते. एक मूल कडेला आणि दुसरे बिजागरीजवळ उभे राहून परस्परांविरुद्ध दार लोटू लागल्यास वर्गातील सर्वांत लहान मूल सर्वांत दणकट मुलाला सहज हरविते. हा प्रसंग मूल विसरत नाही. तिसरीच्या मुलांनी तो खेळ म्हणून करावा, पाचवीच्या मुलांनी रेषा मोजाव्यात. बहुवर्ग अध्यापनाची अडचणही त्यातून काही प्रमाणात सुटते.

यानंतर पट्टीचा प्रयोग घ्यावा. ३० सेंटिमीटरची पट्टी मधोमध पेन्सिलीवर टेकवून एका बाजूस ५ सेंटिमीटरवर दोन आणि दुसऱ्या बाजूस १० सेंटिमीटरवर एक, अशी सारखी नाणी ठेवल्यास पट्टी तोलली जाते. येथे बहुतेक अध्यापन थांबते. वास्तविक खरा धडा पुढेच आहे. पट्टी किंचित कलती केली म्हणजे एकटे नाणे जेवढे खाली येते त्याच्या निम्मेच दोन नाणी वर जातात. एकाने दोघांना उचलले, पण निम्म्या उंचीपर्यंतच.

उतरणीच्या प्रयोगात घर्षणाची दखल प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. १२० सेंटिमीटर लांबीची फळी ३० सेंटिमीटर उंचीवर टेकविल्यास तत्त्वतः एक-चतुर्थांश जोर पुरावा. पण वीट तशीच ओढल्यास घर्षणामुळे जोरात अपेक्षित घट दिसत नाही आणि रबराच्या ताणाकडे पाहणारी मुले शिक्षकाच्या विधानावर योग्यच शंका घेतात. अशा वेळी ‘पुस्तकात लिहिले आहे’ असे सांगून पुढे जाणे म्हणजे विज्ञानाच्या तासाला विज्ञानाचाच पराभव होय. विटेखाली गोल पेन्सिली ठेवल्या अथवा चाकांची खेळण्यातील गाडी घेतली की फरक दिसतो, आणि घर्षण ही आणखी एक किंमत आहे, हेही कळते.

दाराच्या या धड्याचा कोयनानगरात एक विशेष उपयोग आहे. दर पावसाळ्यात ‘कोयनेचे दरवाजे इतक्या फुटांनी उचलले’ ही वार्ता त्या परिसरातील प्रत्येक घरात पोहोचते, कारण नदीकाठची सुरक्षितता तिच्याशी निगडित असते. धरणाच्या सांडव्यावर सहा वक्राकार दरवाजे आहेत. पाण्याच्या प्रचंड दाबाविरुद्ध असा दरवाजा कसा उचलला जातो, ही जिज्ञासा स्वाभाविक आहे. वक्राकार दरवाजाचा पत्रा वर्तुळाच्या कंसासारखा असतो आणि त्याच्या भुजा मागे एका कीलकाशी एकत्र येतात. पाण्याचा दाब पत्र्यावर सर्वत्र काटकोनात पडतो. म्हणून त्याचा एकूण रोख कीलकाकडेच जातो. बिजागरीच्या रोखाने लावलेला जोर दार फिरवू शकत नाही. त्यामुळे उचलणाऱ्या यंत्रणेला पाण्याच्या संपूर्ण दाबाशी झगडावे लागत नाही. मुख्यतः दरवाजाचे वजन आणि घर्षण यांवरच मात करावी लागते.

वर्गाच्या दाराच्या कडेवर बिजागरीच्या दिशेने, म्हणजे दाराच्या फळीला समांतर, जोर लावून पाहिल्यास याची प्रचीती येते. कितीही ताकद लावली तरी दार फिरत नाही. तिसरीच्या मुलाला कीलक आणि दाब यांची चर्चा नको. परंतु शिक्षकाला हा संबंध ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण मूल कधीतरी धरणाविषयी प्रश्न विचारतेच आणि त्या वेळी आकडेवारीऐवजी वर्गाच्या दाराकडे बोट दाखविता आले, तर परिसर आणि पाठ्यक्रम यांची भेट खऱ्या अर्थाने घडते.

७. पर्यायी परंपरा आणि संभाव्य आक्षेप

अशी दृष्टी महाराष्ट्राला नवीन नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करीत शिकण्याचा आग्रह धरला. पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी घडवून ती शिक्षकांपर्यंत पोहोचविली. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ‘हलके-फुलके विज्ञान’ या पुस्तकमालेने निरीक्षण व कृती यांना माहितीच्या आधी स्थान दिले. या परंपरेचा प्रभाव पाठ्यपुस्तकांच्या रूपावर निश्चितच पडला आहे. ‘करून पहा’ यांसारख्या चौकटी आता सर्वत्र आढळतात. तथापि कृती आली म्हणजे कल्पना आली, असे नव्हे. कृतीच्या अखेरीस ‘यावरून श्रम कमी होतात हे सिद्ध होते’ असे वाक्य आल्यास कृतीही जुन्याच व्याख्येच्या सेवेस लागते.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ‘श्रम वाचतात’ हे अर्धसत्य लहान वयात चालण्यासारखे आहे. पुढे ते दुरुस्त करता येईल. यावर उत्तर असे की, दुरुस्ती सहजासहजी होत नाही. पहिला परिचय सर्वाधिक काळ टिकतो आणि माध्यमिक इयत्तांत येणारे सूत्र त्यावर केवळ एक थर चढविते. शिवाय येथे अर्धसत्याची गरजही नाही. ‘जोर कमी, वाट लांब’ हे चार शब्द ‘श्रम वाचतात’ याहून कठीण नाहीत. दुसरा आक्षेप परीक्षेचा आहे. नावे व प्रकार विचारले जातात, म्हणून ते शिकवावेच लागतात. हा आक्षेप वास्तव आहे. परंतु तो सहावी व त्यापुढील इयत्तांना लागू होतो. तिसरी ते पाचवी हा काळ त्यापासून तुलनेने मुक्त आहे. देवघेवीचा अनुभव त्या वयात मिळालेल्या विद्यार्थ्याला सहावीतील नावे अधिक लवकर आत्मसात होतील, अशी अपेक्षा करण्यास आधार आहे.

८. समारोप

साध्या यंत्रांचा प्राथमिक परिचय हा नावांचा परिचय नसून एका देवघेवीचा परिचय आहे. प्रचलित मांडणीत व्याख्या संदिग्ध आहे, वर्गीकरण अकाली आहे आणि परिसराचा उपयोग बहुधा प्रदर्शनापुरता आहे. याऐवजी वर्गाचे दार, पट्टी, ध्वजस्तंभ, झाडू आणि घाटरस्ता या क्रमाने जाऊन, प्रत्येक ठिकाणी मिळकत व किंमत हे दोन्ही प्रश्न विचारले जावेत. नावे त्यानंतर यावीत आणि वर्गीकरण माध्यमिक टप्प्यासाठी राखावे. अध्यापक विद्यालयांनी आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी पाठ-नियोजनाचे मूल्यमापन करताना ‘किंमत’ या बाजूची नोंद पाठात आहे काय, हे एक निकष म्हणून स्वीकारल्यास बदलाचा आरंभ खर्चाशिवाय होऊ शकेल.

कोयनानगरच्या संदर्भात या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. शिवसागराच्या पाण्याखाली गावे गेली, कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत विखुरली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. विस्थापन हा यंत्रशास्त्राचा नियम नव्हे आणि विज्ञानाच्या तासाला या दोहोंची सरमिसळ करणे योग्यही ठरणार नाही. परंतु यंत्र समोर आले की त्याने काय दिले आणि त्यासाठी काय द्यावे लागले, असे दोन्ही प्रश्न विचारण्याची सवय एकदा लागली की ती फळी आणि पट्टीपुरती मर्यादित राहत नाही. ज्या भूमीवर महाराष्ट्राच्या विजेचा एवढा मोठा भार पेलला गेला, त्या भूमीवरील मुलांना यंत्र फुकट देते असे शिकविले जाऊ नये. ही अपेक्षा विज्ञानाच्या दृष्टीने जितकी रास्त आहे, तितकीच ती शिक्षणाच्या व्यापक हेतूशीही सुसंगत आहे.